३४९ रुपयांसाठी अकरा दिवस

दिवाळीला पंधरा दिवस असताना आमचा मिक्सर जळाला. शंकरपाळ्यांसाठी पिठीसाखर करत होते, जळका वास आला आणि भांडं उतरवेपर्यंत मोटर गेली. फराळ अडून राहणार, म्हणून त्याच रात्री ऑनलाइन मागवला. किंमत ३,४९९. खाली घड्याळ पळत होतं, ‘ऑफर संपायला ७ मिनिटं’. घाईघाईत पैसे भरले. दुसऱ्या दिवशी विक्रोळीला गाडीत चढल्यावर बँकेचा मेसेज नीट वाचला, तर ३,९४७ कापले होते.

उभ्या उभ्याच बिल उघडलं. ३४९ ‘प्रोटेक्शन प्लॅन’ आणि ९९ ‘हँडलिंग’. हा प्लॅन मी निवडलाच नव्हता. घरी येऊन तोच मिक्सर पुन्हा कार्टमध्ये टाकून पाहिला: चौकोनात टिक आधीपासूनच होती, आणि सात मिनिटांचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू! कंपनीची दोन वर्षांची वॉरंटी मिक्सरसोबत होतीच, हा प्लॅन मला कशाला हवा होता?

चॅटवर तक्रार केली. आधी बॉट. त्याने दिलेल्या चार पर्यायांत माझी अडचण नव्हती. बऱ्याच वेळाने माणूस भेटला, तो म्हणाला, ‘मॅडम, माल मिळाल्यावर प्लॅन रद्द करता येईल.’ मी विश्वास ठेवला. चौथ्या दिवशी मिक्सर आला, लगेच पुन्हा चॅट केलं. आता दुसरा माणूस. ‘माल मिळाला म्हणजे प्लॅन सुरू झाला, आता रद्द होत नाही.’ आदल्या माणसाचं बोलणं दाखवायला गेले तर ते चॅट गायब. स्क्रीनशॉट काढला नव्हता. तो प्रत्येक वेळी काढाच, तारीख-वेळ दिसेल असा.

पुढचे तीन दिवस एकच चक्र. मी तक्रार टाकायची, त्यांनी ‘तुमची तक्रार सोडवली आहे’ म्हणून बंद करायची आणि वर मलाच स्टार मागायचे. तीनदा! दर वेळी नवा माणूस, दर वेळी ऑर्डर नंबरापासून सुरुवात. आई (सासूबाई) म्हणाल्या, ‘अगं, साडेतीनशे रुपयांसाठी किती जीव जाळशील?’ पण पैसे मला न विचारता घेतले होते, ते सोडायला मन तयार होईना.

मग ऑफिसमधल्या एकीने नियम दाखवला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट लिहिलंय की ग्राहकाची संमती आधीच टिक केलेल्या चौकोनातून घेता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार मिटवायची, हेही त्यातच आहे. गुपचूप कार्टमध्ये वस्तू घालणं आणि खोटी घाई दाखवणं, दोन्ही २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’च्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांच्या, मार्गदर्शक सूचनांतल्या १३ प्रकारांत येतात. त्या अधिकाऱ्याचा ईमेल साइटच्या अगदी तळाशी सापडला. बिल, टिक असलेल्या चौकोनाचा फोटो आणि नियमाचं नाव, एवढंच लिहून सातव्या दिवशी मेल पाठवला. आठव्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. पलीकडच्या बाई मराठीत बोलल्या, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तक्रारीचा नंबर दिला. तो नंबर मिळाला तेव्हा आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

अकराव्या दिवशी ३४९ परत आले.

मध्यंतरी दादरच्या दुकानात त्याच मॉडेलचा भाव विचारला होता. थोडी घासाघीस केल्यावर ३,५५० ला, घरपोच द्यायला तयार होते. म्हणून आता मॉडेल नंबर लिहून घेते आणि मोठी खरेदी असेल तर एका तरी दुकानात भाव काढते. नंबरातलं शेवटचं अक्षरही जुळवून बघा. एखाद्या अक्षराचा फरक असला की कधी कधी आत एक भांडं कमी निघतं.

‘एमआरपीवर ६० टक्के सूट’ याकडे मी आता बघतच नाही. एमआरपीने कोण विकतं? मागच्या काही महिन्यांत त्या वस्तूचा भाव काय होता, ते दाखवणारी साधनं आहेत, तिथे बघते. काजू-बदाम घेताना पाकिटावरचा दर ग्रॅमचा भाव वाचते, कारण मोठं पाकीट दर वेळी स्वस्त पडतंच असं नाही. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांतही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बहुतेक वेळा आपल्याच माथी येतो, तो धरून बेरीज करा. आणि पैसे भरायच्या शेवटच्या पानावर बोट ठेवून एकेक ओळ वाचा, घड्याळ कितीही पळू दे.

९९ रुपये मात्र अजून आलेले नाहीत. हँडलिंगचा आकडा शेवटच्या पानापर्यंत कुठेच दाखवला नव्हता, म्हणून त्याची वेगळी तक्रार काल टाकली आहे. यावेळी पहिल्या मिनिटापासूनचे स्क्रीनशॉट आहेत.