बारा सेकंदांचा ठेका

शाळेच्या नाटकात भजन आहे आणि त्याचा ठेका पेनड्राइव्हवरून वाजणार आहे. सोलकढी ओतता ओतता आमच्या लेकीने, बायेने, सहज सांगितलं. घरात खुंटीला पखवाज आणि यांनी ठेका डाउनलोड केला! मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर कदाचित वेळ नाही म्हटलं असतं, पण विचारायला काय जात होतं?

नाटक तसं झकास आहे. फोंड्यातली गल्ली, बास्केटबॉलची एक रिंग, तिघांविरुद्ध तिघं, शेजारच्या देवळात भजन. मध्येच १८९१ सालचं अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड येतं. हा खेळ शोधणारा, धर्मशास्त्र शिकलेला नेस्मिथ दहा फुटांवर पीचच्या टोपल्या ठोकतो. टोपलीला बूड आहे, त्यामुळे दर बास्केटनंतर कोणीतरी शिडी लावून चेंडू काढायचा, आणि तोवर बाकीची पोरं डोळे मिटून उभी. हे टीचरना सुचलं कसं कोण जाणे.

पण ठेका! वास्कोला दामबाबाच्या सप्ताहात, चोवीस तासांच्या अखंड भजनात, पहाटे तीनला पेंगणाऱ्या गायकांना मी जागं ठेवलंय. आज दादा असते तर... असो.

शेवटी बायेला विचारलंच. "बाबा, तिघा-तिघांच्या खेळात बारा सेकंदांत शॉट मारावा लागतो. टीचरनी भजनी ठेक्याची दोन आवर्तनं बरोबर तेवढ्यात बसवलीत. तुम्ही वाजवलंत तर तिसरं घुसेल."

ही पदर तोंडाला लावून हसली.

दोन आवर्तनं म्हणजे सोळा मात्रा, बारा सेकंद. मोबाइलवर घड्याळ लावून मांडीवर वाजवून बघितलं. आधी बरोब्बर बसलं. मग मनातल्या झांजा सुरू झाल्या आणि दहाव्या सेकंदालाच समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर! आता भजन चढतं त्याला मी काय करू? न चढणारं भजन हवं असेल तर पेनड्राइव्हच बरा, शहाणा आहे बिचारा.

पखवाज मात्र हवाय, स्टेजवर दिसायला. आठवीतला एक मुलगा तो गळ्यात अडकवून नुसते हात हलवणार. म्हटलं, मग डाव्या तोंडाला आवाज घुमवणारी कणीक कशाला? बाये म्हणाली, "लावा हो, नाहीतर खोटा वाटतो."

सकाळी रंगीत तालीम आहे, त्याआधी कणीक मळायची. त्या पोराला निरोप धाडलाय, निदान हात तरी समेवर पडू देत, बाकीचं पेनड्राइव्ह बघून घेईल.