किल्ली कुलपालाच बांधलेली

जुन्या कर्जाचा एक कागद हवा होता, आठ वर्षांपूर्वीचा. नाव माझं, सही माझी, हप्ते तर नक्कीच मी भरलेले. फाइल सापडली, उघडायला गेले तर ती मलाच विचारते, ‘पासवर्ड?’

मूळ मेल शोधून काढला. त्यात खुलासा होता: नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये, पुढे मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे. म्हणजे कुलूप लावून पेटी पाठवायची आणि किल्ली कुठे ठेवलीय याची चिठ्ठी त्याच पेटीवर डकवायची! पण हसायला सवड नव्हती. तो नंबर मी केव्हाच सोडून दिला होता, आणि शेवटचे आकडे काही केल्या आठवेनात. शेवटी डोळे मिटले आणि पूर्वी कुणी नंबर विचारला की जसा एका दमात सांगायचे, तसा तोंडाने म्हणत गेले. डोक्याला जे ठाऊक नव्हतं ते जिभेला पाठ होतं. फाइल उघडली.

त्याच दिवशी ठरवलं, आपल्या कागदांवरची ही कुलपं आता काढायची. वाटेत कुणी पेटी उघडू नये म्हणून कुलूप, हे मान्य. घरी पोचल्यावरही ते लटकतच ठेवलं तर ते अडवतं फक्त मला.

काढणं अगदीच सोपं निघालं. पासवर्ड देऊन फाइल ब्राउझरमध्ये उघडायची, प्रिंट द्यायची आणि प्रिंटरच्या जागी ‘पीडीएफ म्हणून सेव्ह’ निवडायचं. नवी प्रत बिनकुलपाची. फक्त लांबलचक दस्तऐवज असेल तर त्यातल्या बुकमार्कच्या खुणा या वाटेने गळून पडतात. ढीग मोठा असेल तर क्यूपीडीएफ नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. त्याला कमांडमध्ये पासवर्ड सांगून ‘डिक्रिप्ट’ म्हटलं की पानांना धक्का न लावता तो कुलूप उतरवतो. (तो पासवर्ड कमांडच्या इतिहासात मागे राहतो, हे मला दहाव्या फाइलनंतर सुचलं.) डिजिटल सही असलेल्या कागदाची मात्र मूळ प्रत जपून ठेवावी. नव्या प्रतीत ती सही खरी ठरत नाही. एकही अक्षर आपण बदललेलं नसलं तरी.

‘इथे फाइल टाका, कुलूप काढून देतो’ म्हणणाऱ्या वेबसाइटही आहेत. आपल्या कर्जाचे नि पगाराचे आकडे अनोळखी माणसाच्या हाती द्यायचे, वर पासवर्डही सांगायचा. त्यापेक्षा कुलूप बरं.

काही फाइलींचा प्रकार निराळा होता. त्या बिनतक्रार उघडायच्या, पण ओळ कॉपी करू म्हटलं की नकार, छापू म्हटलं की नकार. पीडीएफमध्ये पासवर्ड दोन असतात: एक उघडण्याचा, एक मालकाचा. नुसता मालकाचा लावला असेल तर मजकुरावर खरं कुलूप असं नसतंच, कारण फाइल कुणालाही वाचता येते. ‘छापू नये’ ही दारावरची पाटी असते, आणि ती पाळायची की नाही हे वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या सभ्यतेवर अवलंबून. मला या व्यवस्थेचं कौतुकच वाटलं. अर्थात पाटी दुसऱ्याच्या दारावर असेल तर आपणही पाळावी. या फाइली माझ्याच होत्या.

१९९३ साली पीडीएफ आली. तिच्यावरचं सुरुवातीचं कुलूप ४० बिटांच्या किल्लीचं होतं, आताचं २५६ बिटांचं. एवढी भक्कम तिजोरी, आणि पासवर्ड काय, तर जन्मतारीख. शंभर वर्षांत दिवस असतात साधारण ३६,५००. माणूस कंटाळेल, संगणक एकेक करून सगळे लावून बघतो आणि त्याला फारसा वेळही लागत नाही.

संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं. बिनकुलपाच्या प्रती एका फोल्डरमध्ये गेल्या आणि अख्ख्या डिस्कलाच एक पासवर्ड दिला. पेटीपेटीला नको, घराच्या दाराला असू दे.

राहिली एकच फाइल. नाव ‘महत्त्वाचं’. हिला पासवर्ड कुणा बँकेने दिलेला नव्हता, मीच दिला होता, म्हणून कुठल्याही मेलमध्ये चिठ्ठी नाही. आणि त्या वेळी मी शहाणपणा केला असणार: जन्मतारीख नाही, नाव नाही, कुणाला म्हणून ओळखू येऊ नये असं काहीतरी. आत काय आहे तेही आठवत नाही. नंबरासारखं तोंडाने म्हणून पाहिलं, बोटांना कीबोर्डवर मोकळं सोडून पाहिलं. पासवर्ड चुकीचा आहे, एवढंच ती सांगते. किती चुकीचा, ते नाही.

पुसायला हात होत नाही. नवा संगणक घेतला की बाकीच्यांबरोबर तीही येते.