घरपोच सुशी: आधी भात, मग मासा

जवळपास सुशी पोचवणारी बरीच ठिकाणं होती, पण त्यातलं चांगलं कोणतं हे कळायला मार्ग नव्हता. अ‍ॅपवरचे फोटो सगळ्यांचेच देखणे, स्टारही सगळ्यांचे भरघोस. अभिप्राय वाचत बसले तर लोकांनी लिहिलेलं असायचं ते डिलिव्हरी वेळेत आली का आणि तुकडे किती मोठे होते याबद्दल. भाताबद्दल जवळजवळ कुणीच लिहीत नाही, आणि माझ्या मते सुशीत सगळ्यात आधी बघायचा तो भातच.

सुशीचा तांदूळ आखूड दाण्याचा, शिजल्यावर एकमेकांना धरून राहणारा. भात गरम असतानाच त्यात व्हिनेगर, साखर आणि मीठ घालून हलक्या हाताने कालवतात आणि अंगाच्या उबेइतका कोमट झाला की वापरतात. तो फ्रिजमध्ये गेला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि दाणा टणक, कोरडा लागतो. वरचा कच्चा मासा मात्र गारच हवा. भात कोमट आणि मासा गार, हे दोन्ही एकाच डब्यात सांभाळून दारापर्यंत आणणं अवघड काम आहे. म्हणून मी निवड अंतरापासून सुरू केली. लांबची ठिकाणं, कितीही नावाजलेली असली तरी, यादीतून काढली.

मग मेनू पाहिले. ज्या स्वयंपाकघरातून पिझ्झा, नूडल्स, बर्गर आणि सुशी असं सगळंच निघतं, तिथे सुशीचा खप थोडा आणि भात ताटकळत पडलेला असण्याची शक्यता जास्त. छोट्या मेनूची ठिकाणं मी ठेवली आणि प्रत्येकाकडून तेच तीन पदार्थ मागवले: काकडीची माकी, म्हणजे नोरीत (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पातळ पानात) गुंडाळलेला भाताचा रोल; सामन निगिरी, म्हणजे भाताच्या छोट्या मुटक्यावर सामन माशाचा काप; आणि तामागो, म्हणजे गोडसर ऑम्लेटची निगिरी. मेयोनीज आणि तळलेला चुरा घातलेल्या भल्यामोठ्या रोलमध्ये शिळा भात सहज खपून जातो. काकडीच्या माकीत लपायला जागाच नसते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती इथे शब्दशः करता येते. दाणा वेगळा कळायला हवा, आंबटगोड चव भातातच असायला हवी आणि निगिरी उचलताना तुटू नये, पण तोंडात गेल्यावर सुटी व्हावी. एका ठिकाणचा भात इतका दाबलेला होता की दातांना जोर द्यावा लागला. माशाची पारख त्यामानाने सोपी: तो चकचकीत दिसावा आणि उग्र वास येऊ नये. ट्यूनाच्या लाल रंगावर मात्र भिस्त ठेवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइड वापरून तो रंग टिकवता येतो.

उरलेल्या ठिकाणांना मी फोन केला आणि विचारलं, कच्चा द्यायचा मासा आधी गोठवता का? हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा असं मला मनापासून वाटतं. समुद्री माशांत अ‍ॅनिसाकिस या जंतासारखे परजीवी असू शकतात आणि ते मारायला खोल गोठवणं लागतं. युरोपीय संघाच्या नियमांत उणे 20 अंश सेल्सिअसला किमान 24 तास, तर अमेरिकेच्या अन्न नियमावलीत त्याच तापमानाला 7 दिवस असं सांगितलेलं आहे. ट्यूनाच्या काही जाती आणि नियंत्रित खाद्यावर वाढवलेले काही मासे यांना सूट आहे. ‘आमचा मासा कधीच फ्रीझ केलेला नसतो’ असं एका ठिकाणी अभिमानाने सांगितलं गेलं, पण कोणता मासा कुठून येतो हे सांगता आलं नाही. ते नाव मी काढून टाकलं. दुसऱ्या ठिकाणी फोनवरच्या बाईंनी स्वयंपाकघरात विचारून, कोणता मासा मत्स्यशेतीतला आणि कोणता गोठवलेला, हे एकेक करून सांगितलं. आता मी तिथूनच मागवते.

मागवतानाही थोडं सांभाळते. ऑर्डर संध्याकाळी लवकर देते, म्हणजे गर्दी सुरू व्हायच्या आत ती हातात येते. मिसो सूप घेतलं तर वेगळ्या पिशवीत द्यायला सांगते, नाहीतर त्याच्या वाफेने मासा कोमट होतो. नोरी भाताचा ओलावा काही मिनिटांत ओढते आणि चिवट होते, त्यामुळे शंकूसारखी तेमाकी घरी मागवण्यात अर्थ नाही, नोरी वेगळी गुंडाळून देणार असतील तरच. डबा आला की लगेच जेवायला बसायचं. कच्च्या माशाचं काही उरलंच तर मी उद्यासाठी ठेवत नाही.

घरी कुणी गरोदर पाहुणी असली की तिच्यासाठी काकडी, अवोकाडो आणि शिजवलेल्या कोळंबीची सुशी वेगळ्या डब्यात मागवते. त्या डब्यातला भातही तसाच कोमट आणि मोकळा असतो.