खारुताई पिंजऱ्याच्या आत, मी बाहेर

खारुताईपासून गच्चीवरची बाग वाचवायला जाळीचं खोपटं उभं झाल्याची बातमी मागच्या वेळी दिली होती. ती आता अर्धीच खरी धरा. परवा सकाळी गच्चीवर गेले तर खारुताई खोपट्याच्या आत, काकडीच्या वेलाशी बसलेली. पुढच्या दोन्ही पायांत कोवळी काकडी, आणि माझ्याकडे बघत बघत आरामात कुरतडणं चाललेलं.

जाळीवर माझा संशय नव्हता. अर्धा इंची भोकांची, 20 गेज तारेची वेल्डेड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) जाळी आहे, नागपूरच्या इतवारीतल्या लोहाओळीतून आणलेली. तिथला दुकानदार षटकोनी कोंबडीजाळीच गळ्यात मारत होता, ‘स्वस्तात काम होते ना ताई’ म्हणून. एक इंची भोकातून खारीचं पिल्लू सहज घुसतं, त्यामुळे तिच्या वाटेला जाऊच नका. नायलॉनची जाळी तर विसराच. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, ते झिजवायला तिला काहीतरी कुरतडावंच लागतं.

मग आत येण्याची वाट कुठली? पहिला संशय गच्चीच्या उतारावर. पन्हाळीकडच्या बाजूला फट राहते, तिथे विटा लावल्या. तरी काकड्या जातच राहिल्या. शेवटी संध्याकाळी खोपट्याच्या चारी बाजूंनी जमिनीवर आणि वरच्या पाइपवरही कणीक भुरभुरली. (सासूबाईंनी ‘अन्न आहे ते’ म्हणून ऐकवलं.) उजाडल्यावर खालची कणीक जशीच्या तशी. वरच्या पाइपवर मात्र पावलंच पावलं: पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच. ती थेट दाराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन, सावलीसाठी वर टाकलेल्या ग्रीन नेटखाली गायब!

नेट उचलल्यावर उलगडा झाला. सांगाडा पीव्हीसी पाइपचा आहे. आपल्या नागपूरच्या उन्हात, तापलेल्या स्लॅबवर, वरचा आडवा पाइप मऊ पडून मधोमध झोल खातो आणि थंड झाला तरी सरळ होत नाही. त्या झोलाने दाराची चौकट तिरपी झाली होती आणि कोपऱ्यात दोन बोटांची फट पडली होती. वर नेट असल्यामुळे खालून ती दिसतच नव्हती. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत पीव्हीसीचे सांगाडे छान दिसतात. आपल्याकडे नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागेपर्यंत त्यांचा झोपाळा होतो.

सध्या त्या पाइपखाली बांबूचा टेकू दिलाय आणि फटीवर जाळीचा तुकडा तारेने आवळलाय. तेव्हापासून काकडी शाबूत आहे. मधमाश्या अर्ध्या इंचातून आरामात ये-जा करतात, त्यामुळे फळधारणेची चिंता नाही. मोठा काळा भुंगा तेवढा बाहेर अडकतो.

दुसरं यश फुकटातलं. ठिबकची बारीक नळी कुरतडणं बंद झालंय. तिला नळी नको होती, पाणी हवं होतं! टाकीच्या सावलीत, कुंड्यांपासून लांब, मातीचं पसरट भांडं ठेवलं आणि रोज भरते, एवढंच.

भिवापुरी मिरचीचं पाणीही फवारून पाहिलं. तिखट खारीला झोंबतं, बुलबुलाला नाही, हे खरं. पण पाणी घातलं की धुऊन जातं, आणि वाऱ्याची झुळूक आली की पहिले आपलेच डोळे. खारी पळवायचं आवाजाचं यंत्र ज्यांना घ्यायचंय त्यांनी माझंच घेऊन जावं. खारुताई त्याच्यावर बसून शेपटी उडवते.

पकडून अंबाझरी तलावाकडे सोडून ये, असं घरचे म्हणतात. ते होणार नाही. ती कूलरचं गवत ओढून शेजारच्या कडुनिंबावर नेतेय, म्हणजे घरटं चालू आहे. आईला उचललं तर पिल्लं उपाशी मरतील. शिवाय रिकाम्या जागेवर दुसरी येतेच.

आता सांगाडा एक इंची जीआय पाइपचा वेल्ड करून घ्यायचा बेत होता. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय, सगळ्यावर छप्पर कशाला? डाळिंबाला फळागणिक जाळीच्या नळकांड्या करून तारेने बांधल्या तर? भुईमुगाला पेरणीनंतर ग्रो बॅगच्या तोंडावर जाळी आडवी टाकायची आणि रोपं दुपानी झाली की, पानं अडकायच्या आत, काढून घ्यायची. खोपटं फक्त काकडीपुरतं राहील. वेल्डरला आजच फोन करून थांबवते.

कुणाकडे अर्धा इंची जाळीचे दोन बाय दोन फुटांचे तुकडे उरले असतील तर कळवा, येऊन घेऊन जाईन. मृगाच्या आत लागतील.