उणे साठ मिलिव्होल्ट: सहा जणांनी मिळून केलेला हेडफोन अँप्लिफायर

मीटरवर डाव्या चॅनेलला उणे ५८ आणि उजव्याला उणे ६१ मिलिव्होल्ट दिसत होते. इनपुटला काहीच जोडलेलं नव्हतं, पॉट (आवाजाचा नॉब) पूर्ण खाली होता, तरी आउटपुटवर डीसी, म्हणजे एकाच दिशेचं स्थिर व्होल्टेज, येऊन बसलं होतं. आठवड्यापूर्वी याच सर्किटवर याच मीटरने मी दोन-तीन मिलिव्होल्ट मोजले होते. मधे बदलली होती ती फक्त सॉकेटमधली आयसी (चिप).

तोवर आमचं काम तीन महिने चाललं होतं. आम्ही सहा जण, सगळे हेडफोनवर गाणी ऐकणारे. इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण फक्त दोघांचं. एक काका आयुष्यभर रेडिओ दुरुस्त करत आलेले, आणि एका ताईंनी डाग देण्याची (सोल्डरिंगची) इस्त्री कधी हातातच धरलेली नव्हती. ठरलं होतं ते असं, की प्रत्येकाने आपला अँप्लिफायर आपल्या हाताने बांधायचा आणि त्याचा सगळा खर्च आपल्या हेडफोनच्या किमतीच्या पाव हिश्श्यात बसवायचा. ही पाव हिश्श्याची अट काकांची. ते म्हणाले, "खर्चाला आधी कुंपण घाला. नाहीतर प्रत्येक जण एकेक चांगली गोष्ट सुचवत जाईल आणि शेवटी कुणालाच परवडणार नाही."

आणि तसंच होऊ लागलं होतं. एकाला ब्लूटूथ हवं होतं, एकाला यूएसबी, एकाला बासचा स्विच, एकाला चार्जिंग. या बोलण्यात पहिला महिना गेला. त्यातून बाहेर काढलं ते एका साध्या तक्त्याने. प्रत्येकाने आपल्या हेडफोनचे दोन आकडे लिहून आणले: इंपीडन्स (करंटला होणारा विरोध, ओहममध्ये) आणि संवेदनशीलता (ठरावीक वीज दिली की आवाज किती मोठा येतो). सगळ्यात कमी १६ ओहमचे इअरफोन निघाले, सगळ्यात जास्त ३०० ओहमचा हेडफोन. आवाजाच्या सर्वांत मोठ्या झटक्यालाही ११० डेसिबलपर्यंत न फाटता वाजायचं, एवढं एकच ध्येय ठेवलं आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

३२ ओहमच्या, एका मिलिवॅटला १०० डेसिबल देणाऱ्या हेडफोनला ११० डेसिबलसाठी १० मिलिवॅट लागतात. म्हणजे साधारण ०.५७ व्होल्ट, आणि शिखराला २५ मिलिअँपिअर करंट. ३०० ओहमचा आमचा हेडफोन एका व्होल्टला १०३ डेसिबल देणारा. त्याला सव्वादोन व्होल्ट लागतात, शिखराला ३.२. करंट मात्र जेमतेम ११ मिलिअँपिअर. एकाला करंट हवा, दुसऱ्याला व्होल्टेज. हे दोन आकडे समोर आल्यावर ब्लूटूथचा विषय आपोआप मागे पडला, कारण नेमकं काय बांधायचंय हे पहिल्यांदा सगळ्यांना दिसलं.

सुरुवात सगळे करतात तिथूनच आम्हीही केली. च्यू मॉय यांचं १९९०च्या दशकाच्या अखेरचं सर्किट, ज्याला सगळे सीमॉय म्हणतात: एक दुहेरी ऑप-अँप (एकाच चिपमध्ये सिग्नल मोठा करणारे दोन अँप्लिफायर), एक ९ व्होल्टची बॅटरी आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा. माझ्यासारख्या हजारो लोकांना डाग द्यायला या सर्किटाने शिकवलं असेल, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आमच्या तक्त्यात ते बसेना. एकच बॅटरी मधोमध विभागली की अधिक-उणे साडेचार व्होल्ट मिळतात. साधा ऑप-अँप दोन्ही टोकांना दीड-दोन व्होल्ट खातो, म्हणजे उरले अडीच. आम्हाला हवे होते ३.२, आणि तेही बॅटरी उतरत आल्यावर. शिवाय दोन रेझिस्टरांनी बनवलेला मधला ग्राउंड (शून्य व्होल्टचा बिंदू) खंबीर नसतो. दोन्ही कानांचा करंट त्यातूनच परततो, म्हणून बास आला की तो ग्राउंडच हलतो.

म्हणून दोन बॅटऱ्या आणि त्यांच्या जोडावर खराखुरा ग्राउंड. मूळ सर्किटातला ११ पट गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) कमी करून ३ केला: खाली, ग्राउंडकडे, एक किलोओहमचा रेझिस्टर आणि वर, आउटपुटकडे, दोन किलोओहमचा. हा बदल फुकटातला आणि सगळ्यात मोलाचा. ११ पट गेनवर १६ ओहमच्या इअरफोनमध्ये सतत बारीक सूं असा आवाज येत होता. नॉबही जेमतेम आठ-नऊ वाजेच्या जागेवर ठेवावा लागे, आणि स्वस्त दुहेरी पॉटचे दोन अर्धे नेमके तिथेच एकमेकांशी जुळत नाहीत. मी मोजलं तेव्हा अगदी तळाशी डाव्या-उजव्यात अडीच डेसिबलचा फरक होता. गायिका मधोमध असायची ती डावीकडे सरकलेली. गेन ३ केल्यावर नॉब बारा वाजेपर्यंत आला आणि ती परत मधे आली.

आता त्या साठ मिलिव्होल्टकडे येते. पहिला नमुना टीएल०७२ या ऑप-अँपवर होता, कारण तो सगळ्यांकडे पडलेला होता. ३०० ओहमवर छान चालला. ३२ ओहमवर आवाज जरा वाढवला की तबल्याची थाप फाटायची, त्याच्याकडे तेवढा करंटच नाही. एनई५५३२ चे पाय अगदी त्याच क्रमाने असतात, आणि तो स्वस्तही आहे. मी टीएल०७२ उपसून तो बसवला. फाटणं थांबलं. मीही खूश झाले असते, पण काकांनी शिकवलेली सवय होती: आधी मीटर, मग कान.

मीटरने जे दाखवलं त्याचं कारण शोधायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. टीएल०७२ च्या इनपुटला फेट (एका वेगळ्या प्रकारचे ट्रान्झिस्टर) असतात, ते जवळजवळ काहीच करंट ओढत नाहीत. एनई५५३२ च्या इनपुटला साधे ट्रान्झिस्टर असतात आणि ते साधारण २०० नॅनोअँपिअर ओढतात. आकडा नगण्य वाटतो. पण इनपुटच्या कपॅसिटरनंतर आम्ही ग्राउंडला १०० किलोओहमचा रेझिस्टर टाकला होता आणि हा करंट त्यातूनच येत होता. २०० नॅनोअँपिअर गुणिले १०० किलोओहम म्हणजे २० मिलिव्होल्ट, आणि तिप्पट गेनमुळे ६०. करंट ग्राउंडकडून पिनेत जातो, म्हणून चिन्ह उणे. कागदावरचा आकडा मीटरवरच्या आकड्याशी इतका तंतोतंत जुळला तेव्हा मला जो आनंद झाला, तो पहिलं गाणं ऐकतानाही झाला नव्हता.

इतकं डीसी १६ ओहमच्या इअरफोनमध्ये सतत गेलं तर पडदा एका बाजूला ढकललेला राहतो आणि कॉइल विनाकारण तापते. आम्ही १० मिलिव्होल्टची मर्यादा ठरवली. आमच्यातल्या कॉलेजच्या मुलाने १०० चा रेझिस्टर २२ किलोओहमचा करायला सुचवलं. काका म्हणाले, "अरे, पण डीसीला तिप्पट करायचंच कशाला?" आणि खालच्या एक किलोओहमखाली ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला. आता गेन फक्त आवाजाला, डीसीला नाही. दोन्ही उपाय ठेवले. इनपुटचा कपॅसिटर २.२ मायक्रोफॅरड घेतला, म्हणजे २२ किलोओहमबरोबर कट-ऑफ (ज्याखालचे स्वर कापले जातात ती मर्यादा) ३.३ हर्ट्झवर राहतो, ऐकू येण्याच्या बराच खाली. पुन्हा मीटर लावला: उणे साडेचार.

आउटपुटला प्रत्येक चॅनेलसाठी एक पूर्ण एनई५५३२ दिला. त्याचा एक अर्धा गेन करतो, दुसरा नुसता त्याची नक्कल करतो, आणि दोघे ३.३ ओहमच्या एकेका रेझिस्टरमधून एकत्र येतात. भार वाटला जातो आणि आउटपुट इंपीडन्स १.६५ ओहम राहतो. हेडफोनच्या इंपीडन्सच्या एक अष्टमांशाहून तो कमी असावा असा सर्वमान्य हिशोब आहे, आणि १६ चा अष्टमांश दोन. २०११ साली आलेल्या 'ऑब्जेक्टिव्ह २' या अँप्लिफायरमध्येही दोन ऑप-अँप असेच लहान रेझिस्टरांतून जोडलेले आहेत. तो कसा आणि का, हे त्याच्या निर्मात्याने सविस्तर लिहून ठेवलं, म्हणून आमच्यासारख्यांना मोजमापाची भाषा मिळाली.

आमच्यात खरं भांडण झालं ते आयसीवरून. एकाने बराच महाग, वेगवान ऑप-अँप बसवला. त्याच्या मते आवाज खुलला होता, त्यात हवा होती. दोघांनी त्याच्याकडे जाऊन ऐकलं, त्यांनाही पटलं. मला त्याच्या ऐकण्यावर अविश्वास नव्हता. पण मी आयसीवर बोट ठेवलं आणि चटका बसला. काही वाजत नसताना आयसी इतकी तापायला नको. कॉलेजच्या मुलाने ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) आणला. पडद्यावर सरळ रेघेच्या जागी एक जाड, धूसर पट्टा होता: सर्किट मेगाहर्ट्झच्या घरात आपलं आपणच थरथरत होतं. कानाला ते ऐकू येत नाही आणि मल्टिमीटरही ते दाखवत नाही. कारण होतं ब्रेडबोर्डच्या (डाग न देता पार्ट खोचायच्या पाटीच्या) लांब तारा, आणि पॉवरच्या पिनांजवळ १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर नव्हते. ते अगदी आयसीच्या पायांना चिकटवून लावले आणि पट्टा मिटून रेघ झाली.

मग रीतसर तुलना केली. दोन अँप्लिफायर, एकात महाग आयसी, एकात एनई५५३२. एक किलोहर्ट्झचा स्वर देऊन ३३ ओहमच्या रेझिस्टरवर दोन्हींचं व्होल्टेज ५०० मिलिव्होल्टला जुळवलं, पाच इकडेतिकडे. ०.१ डेसिबलच्या आत यायचं तर एवढं काटेकोर व्हावंच लागतं. आधी ऐकलं तेव्हा महागाचा आवाज अर्ध्या डेसिबलहून जास्त मोठा होता, हे तेव्हाच कळलं. पडद्याआडून कोणता अँप्लिफायर वाजतोय हे ओळखायच्या १६-१६ फेऱ्या घेतल्या. १२ बरोबर आल्या तर फरक ऐकू येतो असं मानायचं ठरलं होतं. एकही जण १२ वर पोचला नाही, मीसुद्धा नाही. महाग आयसीवाल्याने कुरकुर न करता ती काढून ठेवली, आणि वाचलेल्या पैशांतून सहाही जणांसाठी चांगले पॉट घेऊ या असं त्यानेच सुचवलं. एकंदर खर्चात आयसीचा वाटा नगण्यच असतो. डबा, पॉट, जॅक आणि नॉब मिळून बाकी सगळ्या सर्किटाहून जास्त पैसे खातात.

पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) मी किकॅड या सॉफ्टवेअरमध्ये काढला. दहा एकदम मागवल्याने दर माणशी खर्च खूप उतरला, पण चूकही दहापट झाली. पॉटच्या पहिल्या आणि तिसऱ्या पायाची अदलाबदल झाली होती, नॉब उजवीकडे फिरवला की आवाज कमी व्हायचा. बाकीच्या पाचही जणांनी नकाशा तपासला होता, आणि सगळ्यांनी तो पडद्यावरच तपासला. बोर्डाचा खऱ्या मापाचा छापील कागद काढून त्यावर खरे पार्ट ठेवून बघितले असते तर दहा मिनिटांत दिसलं असतं. शेवटी प्रत्येक बोर्डावर चार ट्रॅक कापले आणि चार बारीक तारा टाकल्या. दुसऱ्या आवृत्तीत ते दुरुस्त केलं.

त्या पहिल्या बोर्डांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तिघांनी स्वतंत्रपणे सांगितलं की अधिककडची बॅटरी नेहमी आधी उतरते. एकटीने बांधलं असतं तर मी ती बॅटरीच खराब समजून बदलली असती. तिघांचं सारखंच म्हटल्यावर नकाशा पुन्हा उघडला. एलईडी अधिक आणि ग्राउंड यांच्यामध्ये होता. दोन आयसी मिळून १६ मिलिअँपिअरच्या आसपास घेतात, त्यावर एलईडीचे दोन एकाच बॅटरीवर पडत होते. आता तो १० किलोओहममधून थेट अधिक ते उणे असा जोडलाय, दोन्ही बॅटऱ्या बरोबरीने उतरतात आणि अल्कलाइन असतील तर पंचवीस-एक तास पुरतात. बंद करताना एक बॅटरी क्षणभर आधी सुटली की कानात धप्प होतं, ते मात्र अजून आहे. त्यासाठी रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) लावला तर खर्च कुंपणाबाहेर जातो. म्हणून आधी हेडफोन काढायचा, मग स्विच. हे प्रत्येक डब्यावर लिहिलंय.

ताईंचा सगळ्यात शेवटी झाला. त्यांनी तीन शनिवार माझ्या टेबलावर बसून बांधला. पहिल्या दिवशी त्यांचे डाग गोळ्यांसारखे उभे राहत होते, कारण त्या बोर्डावरची तांब्याची टिकली सोडून नुसता पार्टचा पाय तापवत होत्या. "इस्त्री दोघांना एकदम टेकवा, मग सोल्डर द्या, ते आपणहून पसरतं," असं मी म्हटलं, आणि एक डाग खरोखरच पाण्यासारखा पसरून चकाकला. त्या बराच वेळ भिंगातून त्याच्याकडे बघत होत्या.

बॅटऱ्या त्यांनीच जोडल्या. आधी नुसता मीटर, मग ३३ ओहमचा रेझिस्टर, मग जुने टाकाऊ इअरफोन, आणि मग त्यांचा स्वतःचा हेडफोन. आमच्या सगळ्यांच्या डब्यात झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने दोन आकडे असतात. ताईंनी चष्मा वर करून मीटर वाचला आणि लिहिलं: डावा उणे ४.२, उजवा उणे ४.७.