एकाच खेकड्याचे दोन आकडे

गिऱ्हाइकाला आमच्या प्रयोगशाळेकडून खेकड्यांच्या नांग्यांतल्या पांढऱ्या मांसाचाच अहवाल हवा होता. युरोपीय संघाची मर्यादा त्या पांढऱ्या मांसालाच लागू आहे. ग्रॅममागे ६.५ पिकोग्रॅम (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग). हा आकडा म्हणजे डायॉक्सिन ही विषारी रसायनं आणि त्यांच्यासारखे वागणारे पीसीबी, म्हणजे क्लोरीन असलेली जुनी औद्योगिक रसायनं, यांची, ज्याचं विष जास्त त्याला जास्त वजन देऊन केलेली बेरीज. कवचाखालचा तपकिरी लगदा या मर्यादेत धरलेलाच नाही. लोक तोही आवडीने खातात, ते वेगळं.

पद्धतीची पडताळणी चालूच होती, म्हणून मी त्याच खेकड्यांचा लगदाही तपासायला लावला. चरबी विरघळवणारं हेक्झेन उडाल्यावर नांगीच्या फ्लास्कच्या तळाला जेमतेम ओशटपणा उरला, लगद्याच्या फ्लास्कमध्ये दाट पिवळं तेल. अंदाज तिथेच आला. पीसीबी चरबीत मुरतात आणि त्या लगद्यात असते ती खेकड्याची यकृताचं काम करणारी, चरबीने भरलेली ग्रंथी.

आकडे आले. नांगी मर्यादेच्या बरीच खाली. लगदा नांगीच्या वीसपटींच्या घरात, सर्वांत मोठा वाटा पीसीबी-१२६ या एका जहाल पीसीबीचा. असा आकडा दिसला की आधी स्वतःच्या काचसामानावर संशय घ्यायचा. पण ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवाय केलेली तीच चाचणी, कोरा होता, आणि सुरुवातीलाच मोजून घातलेली कार्बन-१३ची खूण असलेली मानकं शेवटी जितकी परत मिळायला हवीत तितकी मिळाली होती. चिवट विषारी रसायनांवरच्या २००१च्या स्टॉकहोम कराराच्या पहिल्या बारांत पीसीबी होते, बहुतेक देशांत त्यांचं उत्पादन त्याच्याही कितीतरी आधी थांबलं. गाळातून मात्र अजून वर चढताहेत.

प्रयोगशाळेच्या मॅडमना विचारलं, "मॅडम, लगद्याचं अहवालात घालू?"

"मागितलं नाहीये. पण दडवायचंही नाही. पुरवणीत द्या. आणि उकडलेल्या पाण्याबद्दल एक ओळ टाका."

ती ओळ महत्त्वाची, कारण खेकडा अख्खा उकडला की लगद्यातला काही भाग पाण्यात उतरतो आणि मग त्याच पाण्याचा रस्सा होतो. मांसाची चरबी कापून टाकली तर पीसीबी बरेच कमी होतात. लगदा काढून मग शिजवणं हाही तसाच उपाय. पीएफओएस या दुसऱ्या चिवट रसायनाला हे लागू नाही, ते प्रथिनांना चिकटतं.

दुपारी गिऱ्हाइकाच्या व्यवस्थापकांचा फोन.

"या दुसऱ्या आकड्याला मर्यादा किती?"

"नाहीये, साहेब."

"मग पासच धरायचं ना?"

"त्या ओळीपुढचा पास-नापासचा रकाना मी मोकळा सोडलाय," मी म्हटलं. त्यांनी तो भरून मागितला. मॅडमनी नाही म्हणून कळवलं.