अहवालातून पडद्यावर : कातळशिल्पांच्या सादरीकरणाचा अनुभव

राजापूर तालुक्यातील गावांत ग्रामस्थांसमोर कातळशिल्पांची, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेल्या प्राचीन आकृतींची, माहिती मांडायची असे आमच्या गटाने ठरवले, तेव्हा गटाच्या अहवालावरून स्लाइड तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. अहवाल नेमका होता, परंतु तो निवांत बसून वाचण्यासाठी लिहिलेला होता. पडद्यावर चार ओळींचे वाक्य आले की श्रोता ते वाचू लागतो आणि वाचून होईपर्यंत बोलणाऱ्याचे शब्द त्याच्या कानावरून जातात. त्यामुळे जे तोंडी सांगता येते ते पडद्यावर ठेवायचे नाही, असे मी आधीच ठरवून घेतले.

पहिली कात्री सरकारी वळणाच्या भाषेला लागली. अहवालात एक वाक्य होते : ‘सदर कातळशिल्पे जांभ्या दगडाच्या सड्यावर कोरण्यात आलेली असून चिरेखाणींच्या माध्यमातून होणाऱ्या उत्खननामुळे तसेच रस्तेबांधणीमुळे त्यांच्या अस्तित्वास मोठ्या प्रमाणावर धोका निर्माण झालेला आहे.’ ज्यांच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या ठोकळ्यांच्या आहेत त्यांना सडा (कातळाचे उघडे पठार) आणि जांभा समजावून सांगण्याची गरज नव्हती. उरले ते एवढेच : ‘चिरेखाण आणि रस्ता : कातळशिल्पांना दोन धोके’. तेच त्या स्लाइडचे शीर्षक झाले. पूर्वी त्या जागी ‘सद्यःस्थिती’ असे शीर्षक होते, ज्यातून विषय कळत होता, म्हणणे कळत नव्हते. शीर्षकातच म्हणणे आल्यावर खाली एका छायाचित्राखेरीज काही लागले नाही.

कशेळी गावच्या सड्यावर कोरलेल्या हत्तीचे वर्णन तर परिच्छेदभर होते. त्याऐवजी उंचावरून घेतलेले, शेजारी माणूस उभा असलेले छायाचित्र घेतले आणि त्यावर ‘सुमारे १८ मीटर’ एवढेच लिहिले. नऊ स्थळांच्या तक्त्याची जागा नकाशाने घेतली : रत्नागिरी जिल्ह्यात सात ठिपके, सिंधुदुर्गात कुडोपीचा एक आणि गोव्यात एक.

सगळेच शब्द मात्र कापण्याजोगे नसतात. ही स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. ओळ लांब होते म्हणून एका सहकाऱ्याने ‘संभाव्य’ हा शब्द काढला होता. तो मी परत घातला, कारण त्याच्याविना ओळ आटोपशीर झाली तरी खोटी ठरत होती, आणि ऐकणारे मान्यता मिळाली असे समजूनच घरी गेले असते. मापांमागचे ‘सुमारे’ही याच कारणाने राहू दिले.

देवनागरीची अडचण वेगळीच आहे. वेलांटी, मात्रा वर जातात, उकार खाली उतरतात. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर टेकतो, आणि शाळेच्या उजेडी खोलीत ‘द्ध’, ‘ष्ट्य’ यांचा नुसता काळा ठिपका दिसतो. त्यामुळे ठळक अक्षर आणि मोकळे अंतर आवश्यक झाले आणि तेवढ्या जागेत फार मजकूर मावतच नाही. माझ्या मते हे बरेच झाले, कारण मजकूर मावेना की अक्षर बारीक करण्याची खोड आपल्याकडे फार आहे.

गटातील एका ज्येष्ठ काकांना हा उपक्रम पटला नव्हता. ‘सगळं पडद्यावर असलं की बोलणारा अडत नाही, आणि लोक मोबाइलवर फोटो काढून नेतात,’ असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही मुद्दे खरे होते. म्हणून कापलेला मजकूर स्लाइडखालच्या टिपणांत गेला, जो बोलणाऱ्याला लॅपटॉपवर दिसतो पण पडद्यावर उमटत नाही. आणि लोकांसाठी मूळ अहवालातील माहितीचे एक पानी पत्रक छापले. पत्रकातील वाक्ये काकांनीच तपासली आणि ती लांबच ठेवली.

शेवटी ‘धन्यवाद’ची स्लाइड होती, तीही काढली. प्रश्नोत्तरे चालू असेपर्यंत पडद्यावर आता एवढेच असते : ‘सड्यावर आकृती दिसली? फोटो काढा. खडूने गिरवू नका. ग्रामपंचायतीत कळवा.’